भाड्याची जगं आणि सुग्रीवाचा नकाशा

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळणाऱ्यांचं पंचांग वेगळं असतं. त्यात सण कमी आणि घोषणा जास्त. अमक्या कंपनीने तमक्या कादंबरीच्या जगाचे हक्क घेतले, अमकी मालिका आता गेम होऊन किकस्टार्टरवर (लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करायच्या साइटवर) येणार, तमक्याची दुसरी आवृत्ती निघणार. आमच्या बडोद्याच्या ग्रुपवर ही बातमी सर्वांत आधी माझी भाची टाकते. मग शनिवारी दांडिया बाजारातल्या आमच्या घरी माळ्यावरच्या खोलीत मंडळी जमली, की खेळ बाजूला राहतो आणि सेव-उसळ खाता खाता त्याच विषयावर तास जातो: कुठलं नवीन जग मागवायचं?

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एकजण गेम मास्टर होतो, तो प्रसंग सांगतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतं ते सांगतात. जमलं की फसलं, हे फासे ठरवतात. फासे चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे. आमच्याकडे ते पितळी परातीत टाकतात, कारण गादीवर टाकले की तिरके पडतात आणि भांडणं होतात. परातीत वीसबाजूंचा फासा गरगरतो तेव्हा खालच्या मजल्यावर आत्याला कळतं की वर कोणाचा तरी जीव टांगणीला लागलाय.

हे सगळं घडतं कुठे, हा प्रश्न महत्त्वाचा. त्याला सेटिंग म्हणतात. नियमांचं पुस्तक एक असतं आणि जगाचं पुस्तक वेगळं, आणि सध्या खरा पैसा जगाच्या पुस्तकात आहे. २०२१ मध्ये मॅग्पाय गेम्सने 'अवतार' या कार्टून मालिकेवरच्या 'अवतार लेजंड्स'साठी किकस्टार्टरवर ९५ लाख डॉलर गोळा केले. २०२४ मध्ये ब्रदरवाइज गेम्सने ब्रँडन सँडरसनच्या कॉस्मेअर विश्वावरचा गेम जाहीर केला आणि दीड कोटी डॉलरचा आकडा ओलांडला. त्याच वर्षी मॉडिफियसने टेरी प्रॅचेटचं डिस्कवर्ल्ड आणलं. पुस्तक हातात येण्याच्या कितीतरी आधी लोक पैसे मोजतात, ते ओळखीच्या दारातून आत शिरायला मिळणार म्हणून. मला हे समजतं. ओळखीच्या जगाचा मोठा फायदा असा, की काही समजावून सांगावं लागत नाही. 'समोर एक हॉबिट उभा आहे' एवढं म्हटलं की खोलीतल्या प्रत्येकाला त्याचे केसाळ पाय दिसतात.

पण ही सगळी जगं अकरा महिन्यांच्या करारावरची आहेत. आपल्याकडे घर भाड्याने देताना लीव्ह अँड लायसन्सचा कागद होतो ना, तसाच. मुदत थोडी लांब, एवढाच फरक. मालक वेगळा, राहणारा वेगळा, आणि मुदत संपली की सामान बाहेर.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या टॉल्किनच्या मिडल-अर्थ या जगात किती भाडेकरू राहून गेले बघा. १९८४ मध्ये आयर्न क्राउन एंटरप्रायझेस आले, त्यांनी नकाशांची आणि पुरवणी पुस्तकांची अक्षरशः भिंत उभी केली, १९९९ मध्ये परवाना गेला. २००२ मध्ये सिनेमांच्या लाटेवर डिसायफर आले, काही वर्षांत तेही गेले. २०११ मध्ये क्युबिकल सेव्हनने 'द वन रिंग' काढला. माझ्या मते मिडल-अर्थचा आत्मा सापडलेला हा पहिला गेम: त्यात लढाईपेक्षा प्रवासाला महत्त्व, आशा कमी होत जाते आणि मनावरची सावली वाढत जाते, आणि मोहिमेनंतर घरी परतून विसावा घेण्याचे वेगळे नियम. त्याची दुसरी आवृत्ती जवळजवळ तयार असताना, २०१९ मध्ये करार संपला. ती आवृत्ती रद्द झाली. पुढच्या वर्षी स्वीडनच्या फ्री लीगने तेच घर घेतलं आणि दुसरी आवृत्ती स्वतःची काढली. चांगली काढली, हेही सांगायला हवं. त्यांचं बस्तान बसतंय तोवर २०२२ मध्ये मालकानेच मिळकत विकली: सॉल झाएंट्झ कंपनीकडून एम्ब्रेसर ग्रुपने मिडल-अर्थचे हक्क घेतले.

मार्व्हलचं उदाहरण तर आणखी आखूड. मार्गारेट वाइस प्रॉडक्शन्सचा मार्व्हलचा गेम २०१२ च्या फेब्रुवारीत आला, वाखाणला गेला, आणि २०१३ च्या एप्रिलअखेरीस त्याच्या पीडीएफ विक्रीतून उतरल्या. चौदा-पंधरा महिने. म्हणजे आमच्या अकरा महिन्यांच्या जवळपासच की.

भाडेकरूने घरात चांगली कपाटं करून घेतली तर ती कोणाची? मालकाची. स्टार वॉर्सचा पहिला रोलप्लेइंग गेम १९८७ मध्ये वेस्ट एंड गेम्स या छोट्या कंपनीने काढला. सिनेमात मागच्या बाकावर बसलेल्या परग्रहवासीयांना नावंगावं नव्हती, ती या लोकांनी गेमच्या गरजेपोटी दिली. ट्वीलेक, रोडियन ही नावं तिथली. पुढे टिमथी झान नव्या कादंबऱ्या लिहायला बसला तेव्हा लुकासफिल्मने त्याच्याकडे संदर्भासाठी हीच गेमची पुस्तकं पाठवली. कंपनीचा परवाना नव्वदच्या दशकाच्या शेवटी गेला. नावं मात्र राहिली, आणि आजही मालकाच्याच खात्यावर जमा आहेत.

आता कोणी म्हणेल, विकत घेतलेलं पुस्तक तर माझ्या फडताळात राहतं ना? राहतं. पण टेबलावर नवीन माणूस आला की त्याला प्रत हवी, आणि ती छापली जात नसते, पीडीएफही मिळत नसते. बडोद्यात बसून जुनी प्रत परदेशातून मागवायची तर टपालखर्च पुस्तकाच्या किमतीला जाऊन भिडतो. शिवाय एक बोचरी गोष्ट आहे. तुम्ही त्या जगात दोन वर्षं खेळलात, तुमचं गाव वसवलंत, तुमच्या टेबलावर एक राजा मेला आणि एक मुलगी कोतवाल झाली. त्याचं चार पानी साहस लिहून विकायचं म्हटलं तर एका ओळीचाही हक्क तुमच्याकडे नाही. कपाट करून दिलंत, धन्यवाद.

गंमत म्हणजे या खेळाचा जन्मच अशा उसनवारीत झाला. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (डी अँड डी) १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी केला. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधलं लेक जिनिव्हा हे गाव, टीएसआर नावाची घरगुती कंपनी आणि पहिल्या छपाईच्या हजार प्रती. त्यात टॉल्किनचे हॉबिट होते, एंट होते, बॅलरॉग होते. १९७७ मध्ये टॉल्किनचे हक्क सांभाळणाऱ्यांनी हटकलं, मग हॉबिटचे हाफलिंग झाले, एंटचे ट्रीएंट झाले. १९८० मध्ये त्यांनी देवदेवतांचं एक जाड पुस्तक काढलं, 'डीटीज अँड डेमिगॉड्स'. त्यात लव्हक्राफ्ट या लेखकाचं थुलू आणि मूरकॉक या लेखकाचं मेल्निबोने हे दोन विभाग होते. या जगांचे गेम काढायचे हक्क केऑसियम या दुसऱ्या कंपनीकडे, म्हणून नंतरच्या छपाईत ते दोन्ही विभाग गळाले.

त्याच पुस्तकात एक विभाग भारतीय देवतांचा होता. इंद्र, अग्नी, वरुण, यम, विष्णू, लक्ष्मी. प्रत्येकाला आर्मर क्लास, म्हणजे त्याच्यावर वार लागणं किती कठीण, आणि हिट पॉइंट्स, म्हणजे किती मार खाल्ल्यावर देव मरेल त्याचा आकडा. हा विभाग कोणी गाळायला लावला नाही. कोण लावणार? विष्णूचा परवाना द्यायला कुठलं ऑफिस नाही.

दोन वर्षं हा विचार माझ्या डोक्यात घोळतोय, आणि त्याला बडोद्याची हवा कारणीभूत आहे. या शहरात तर बिनमालकीच्या गोष्टींवर माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या काम केलंय. सतराव्या शतकात प्रेमानंद इथल्या लोकांपुढे तांब्याच्या माणीवर, म्हणजे घागरीवर, बोटांतल्या अंगठ्यांनी ताल धरून आख्यानं गायचा. नळ-दमयंती महाभारतातली, पण त्याच्या नळाख्यानातली माणसं बोलतात-रुसतात ती अस्सल गुजराती घरातल्यासारखी. १८८८ मध्ये सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्म्याला चौदा पौराणिक चित्रांचं काम दिलं. त्यातली कित्येक आजही राजवाड्याच्या आवारातल्या संग्रहालयात आहेत. आपल्या डोळ्यांसमोर देवांचे जे चेहरे येतात ते बरेचसे तेव्हाचे. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढे फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाला विकला, आणि मग त्या सरस्वती-लक्ष्म्या कॅलेंडरांवर आणि मालाच्या लेबलांवर घरोघर पोचल्या. चित्राचे हक्क विकता आले, देवीचे नाही. दादासाहेब फाळके इथल्या कलाभवनात शिकले, त्या छापखान्यात त्यांनी काम केलं, आणि मग १९१३ मध्ये हरिश्चंद्राचीच गोष्ट पडद्यावर आणली. या सगळ्या साखळीत एकालाही कोणाला रॉयल्टी द्यावी लागली नाही.

आणि इथली ओरिएंटल इन्स्टिट्यूट. सेटिंगच्या जगात 'कॅनन' नावाचा एक छळवाद आहे: अधिकृत काय आणि मागाहून घुसडलेलं काय. मालक सांगेल ते कॅनन. आपल्याकडे मालक नाही, म्हणून ते काम विद्वानांनी केलं. देशभरातल्या हस्तलिखितांचे पाठ ताडून वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती बडोद्यात तयार झाली, १९६० ते १९७५ या काळात सात कांडांचे सात खंड निघाले. आणि एवढं करूनही कोणाची गोष्ट रद्द झाली नाही. लक्ष्मणरेषा वाल्मीकींमध्ये नाही, हे अभ्यासकांना ठाऊक आहे. म्हणून कुठल्या कीर्तनकाराने ती पुसली नाही. टॉल्किनच्या जगात कोणी एवढी मोठी भर घातली असती तर वकिलाचं पत्र आलं असतं.

तसं टॉल्किनलाही मुदत आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट चालतो. तो गेला १९७३ मध्ये. म्हणजे त्याने हयातीत छापलेली पुस्तकं आपल्याकडे १ जानेवारी २०३४ ला मोकळी होतील; ब्रिटनमध्ये सत्तर वर्षांचा हिशेब, तिथे आणखी दहा वर्षं थांबावं लागेल. आमच्यातला एकजण बँकेत आहे, त्याने हा हिशेब ऐकून लगेच फोनवर रिमाइंडर लावला. हसण्यावारी गेलं ते, पण रिमाइंडर अजून आहे.

नियमांच्या बाजूनेही मोकळीक आली आहे, आणि ती भांडून आली आहे. २००० सालापासून डी अँड डीचे मूळ नियम ओपन गेम लायसन्सखाली वापरता यायचे. विझार्ड्स ऑफ द कोस्ट ही त्याची मालक कंपनी, आणि तिची मालक हॅस्ब्रो. २०२३ च्या जानेवारीत नव्या परवान्याचा मसुदा फुटला: साडेसात लाख डॉलरच्या वर विक्री गेली की वरच्या रकमेवर पंचवीस टक्क्यांपर्यंत रॉयल्टी. जगभरातून इतका गदारोळ झाला, की महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेतली आणि मूळ नियमांची संहिता क्रिएटिव्ह कॉमन्सखाली सोडून दिली. हा परवाना परत घेता येत नाही. अट एकच, श्रेय द्यायचं. त्या महिन्यात आमच्या ग्रुपवर कायद्याची जेवढी चर्चा झाली तेवढी घराच्या वाटणीच्या वेळीही झाली नव्हती.

तेव्हा नियम मोकळे, गोष्ट मोकळी. मग अडतं कुठे? अडतं खालच्या मजल्यावर.

आत्या चातुर्मासात वाल्मीकी रामायणाचं पारायण करते. वर काय चालतं याची तिला पूर्ण कल्पना असते. आम्ही रामायणावर कॅम्पेन (बऱ्याच बैठका चालणारा सलग खेळ) करायची म्हणतोय हे कळल्यावर ती जिना चढून वर आली. मला वाटलं, आता पाखंडीपणावर व्याख्यान होणार. भाचीने आधीच शहाणपणा करून तिला जुन्या पुस्तकातला राक्षस दाखवला. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये राक्षस आहे, डेव्हिड ट्रॅम्पियरने काढलेला: वाघाचं डोकं, अंगात उंची झगा, हातात पाईप. आणि त्याला मारायचा उपाय काय, तर मंतरलेला क्रॉसबोचा बाण.

आत्याने चष्मा पुसून बराच वेळ ते चित्र पाहिलं. "हा राक्षस? हा तर रिटायर झालेला प्रोफेसर दिसतोय."

"आजी, पण गेममध्ये राक्षस म्हणजे हाच. पन्नास वर्षं झाली."

"असू दे. मग विभीषण कोण? आणि त्रिजटेचं काय करशील? ती सीतेच्या बाजूने स्वप्न सांगते, तिला पण बाण मारणार का?"

तिची हरकत आम्ही खेळतो याला नव्हती. आम्ही नीट वाचलेलं नाही याला होती. आणि मग तिने एक अट घातली, जी कुठल्याही वकिलाच्या मसुद्यात मी पाहिलेली नाही: रामाने फासे टाकायचे नाहीत. सीतेने नाहीत, मारुतीने नाहीत. "त्यांचं काय होतं ते मला माहितेय. तुमच्या परातीने ते ठरवायचं नाही." आमचा गुजराती मित्र म्हणाला, "बराबर छे, मासी," आणि विषय संपला.

मला ती अट जाचक वाटली नाही. परवान्यावरच्या गेममध्येही हेच असतं, मुख्य पात्रांना हात लावायचा नाही. पण तिथे ते मालाचा भाव सांभाळण्यासाठी. इथे अट घालणारी बाई जिन्याखाली राहते, तिच्याशी वाद घालता येतो, आणि तिच्या म्हणण्याला काही कारण आहे. दुसऱ्या घरात दुसरी अट असेल. कोणाकडे काहीच चालणार नाही, कोणाकडे सगळंच चालेल. बिनमालकीच्या गोष्टीला घरोघरी एकेक मालक असतो, हे मला तोवर सुचलं नव्हतं.

मग खेळायचं कोणाला घेऊन? उत्तर आत्यानेच दिलं, तेही अनवधानाने. किष्किंधाकांडात सुग्रीव सीतेच्या शोधासाठी वानरांच्या चार तुकड्या पाठवतो. दक्षिणेला अंगद आणि हनुमान, त्यांची गोष्ट सगळ्यांना पाठ. पण पूर्वेला विनत गेला, उत्तरेला शतबली, पश्चिमेला तारेचे वडील सुषेण. मुदत एक महिना. त्यापुढे राहील त्याला मृत्युदंड. हे तिघे महिन्याने रिकाम्या हाताने परत आले, असं काही श्लोकांत सांगून वाल्मीकी पुढे जातात.

महिनाभर ते कुठे फिरले, काय पाहिलं, कोणाशी भांडले, काही नाही. पाटी कोरी.

आणि त्याच्या आधी काय आहे? सुग्रीव प्रत्येक दिशेचं वर्णन करतो, सर्गच्या सर्ग. कुठला डोंगर, कुठली नदी, कुठे थांबायचं, कुठे हात जोडायचे, कुठल्या सीमेपुढे सूर्यही नाही आणि तिथून परत फिरायचं. राम त्याला विचारतो, तुला हे सगळं कसं माहीत? तो सांगतो, वाली मागे लागला तेव्हा मी पृथ्वीभर पळत होतो. मी आजवर पुष्कळ सेटिंगची पुस्तकं वाचली, पण जीव मुठीत धरून पळालेल्या माणसाने आठवणीतून सांगितलेला भूगोल दुसरा पाहिलेला नाही. उत्तरेला शैलोदा नदी आहे, तिच्या दोन्ही काठांवर कीचक नावाचे बांबू, आणि त्यांच्या आधाराने सिद्ध लोक पलीकडे जातात. पश्चिमेला सिंधू समुद्राला मिळते तिथे शंभर शिखरांचा पर्वत, आणि त्यावर पंखांचे सिंह, जे देवमासे आणि हत्ती उचलून आपल्या घरट्यात नेतात. घरट्यात! हे वाक्य आत्याने वाचून दाखवलं तेव्हा टेबलावरचा लीलो चिवडा तसाच राहिला आणि चौघांनी एकदम पेन्सिली उचलल्या.

आम्ही सुषेणाची पश्चिम घेतली. कारण साधं आहे: त्या वाटेवर सुराष्ट्र येतं. म्हणजे तुकडी आपल्याच बाजूने जाणार. सीता तिकडे नाही हे खेळणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, त्यांच्या पात्रांना नाही. माझा बँकेतला मित्र म्हणाला, "मग जिंकायचं काय?" भाचीचं उत्तर मला आवडलं: सुषेण किष्किंधेला परतला तेव्हा सोबत गेलेल्यांपैकी किती होते, हे वाल्मीकींनी सांगितलेलं नाही, ते आपण ठरवू. महिन्याचे तीस दिवस भिंतीवर खडूने आखलेत. प्रवासाचे नियम सरळ स्वतःचे केले, लढाईचे त्या मोकळ्या संहितेतून घेतले.

साहस लिहून झालं की पीडीएफ करून आम्हीही ते क्रिएटिव्ह कॉमन्सखालीच सोडणार आहोत. माझे शब्द माझे, पण सुषेणावर कॉपीराइटची खूण मारायला हात धजत नाही. परवान्याप्रमाणे श्रेयाची ओळ द्यावी लागते. नियमांसाठी विझार्ड्सची ओळ ठरलेलीच आहे, ती तशीच्या तशी छापायची. भाचीने तिच्याखाली 'कथा आणि भूगोल: वाल्मीकी' असं टाइप केलं. आत्याला ते पटलं नाही. भूगोल सुग्रीवाचा, तो स्वतः फिरलाय, असं तिचं म्हणणं. सध्या मसुद्यात दोन्ही नावं आहेत, आणि पंखांच्या सिंहाला हिट पॉइंट्स किती द्यायचे यावर मतदान चालू आहे.